व्हॉल्व्ह बंद झाल्यावर पाणी जातं कुठे?

या वेळच्या पत्रांमध्ये घरातल्या सेंट्रल हीटिंगचे प्रश्न सगळ्यात जास्त आले, आणि त्यातही व्हॉल्व्हचे. कोणता घ्यायचा, किती घ्यायचे, कुठे बसवायचे. हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे संपूर्ण सदर मी याच विषयाला दिलं आहे.

उत्तरांकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण ती पुढे सारखी येणार आहे. व्हॉल्व्ह निवडताना बहुतेक जण तो उघडल्यावर काय होईल याचा विचार करतात. मी आधी उलटं विचारते. तो बंद झाला की पंपाने ढकललेलं पाणी कुठे जाणार? आणि वीज गेली तर तो कोणत्या बाजूला जाऊन थांबणार? या दोन प्रश्नांची उत्तरं फिटरकडून मिळाली नाहीत, तर कॅटलॉगमधला कितीही चांगला व्हॉल्व्ह निवडून उपयोग नाही.

नव्या वाचकांसाठी एवढंच: बॉयलरमधून गरम पाणी घेऊन जाणारी ती फ्लोची लाइन, आणि रेडिएटरमधून निवलेलं पाणी परत आणणारी ती रिटर्नची.

प्रश्न : ताई, आम्ही घराचं हीटिंग पूर्ण नवीन करतोय. बॉयलर एकच, त्यावर रेडिएटरही चालणार आणि गरम पाण्याची टाकीही. एक फिटर म्हणतो, एकच थ्री-पोर्ट व्हॉल्व्ह लावू, पाइपही कमी लागेल. दुसरा म्हणतो, दोन टू-पोर्ट झोन व्हॉल्व्हच हवेत. दोघंही आपापल्या मतावर ठाम आहेत. कोणाचं ऐकू?

उत्तर : टाकी कोणत्या प्रकारची आहे यावर हे ठरतं, आणि नेमकं तेच तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून दोन्ही बाजू सांगते.

टू-पोर्ट झोन व्हॉल्व्ह म्हणजे दोन तोंडांचा, हीटिंगचा एक भाग (झोन) वेगळा चालू-बंद करणारा व्हॉल्व्ह. नेहमीच्या अशा व्हॉल्व्हमध्ये एक छोटी मोटर आणि एक स्प्रिंग असते. वीज मिळाली की मोटर दातेरी चाकांमधून व्हॉल्व्ह उघडते आणि उघडाच धरून ठेवते. वीज थांबली की स्प्रिंग तो मिटवते. व्हॉल्व्ह पुरता उघडला की आतला एक छोटा स्विच दाबला जातो, आणि त्या स्विचमधूनच बॉयलर आणि पंपाला चालू होण्याचा निरोप जातो. आधी वाट मोकळी, मग पंप आणि आग, असा हा क्रम आहे. मिटलेल्या व्हॉल्व्हवर पंप डोकं आपटत बसत नाही. रेडिएटरसाठी असा एक आणि टाकीसाठी एक, की झाली ही मांडणी. ब्रिटनमध्ये फिटर मंडळी हिला ‘एस प्लॅन’ म्हणतात आणि थ्री-पोर्टवाल्या मांडणीला ‘वाय प्लॅन’.

थ्री-पोर्टला तीन तोंडं असतात आणि त्यांच्यावर ‘एबी’, ‘ए’ आणि ‘बी’ अशी अक्षरं कोरलेली असतात. एबीतून पाणी आत येतं, एमधून रेडिएटरकडे जातं, बीमधून टाकीकडे. मिड-पोझिशन प्रकारचा असेल तर मधोमध थांबून दोन्हीकडे पाणी देतो. नुसता डायव्हर्टर असेल तर एका वेळी एकच बाजू. खरेदी करताना हे दोन प्रकार वरून अगदी सारखे दिसतात, म्हणून डबीवरचा मॉडेल क्रमांक वाचूनच घ्या.

आता माझा नेहमीचा प्रश्न. वीज गेली तर हा थ्री-पोर्ट कुठे जाऊन थांबतो? नेहमीच्या मिड-पोझिशन व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंग त्याला बीच्या बाजूला नेते, म्हणजे टाकीची वाट उघडी आणि रेडिएटरची बंद. तुमची टाकी जुन्या पद्धतीची असेल, म्हणजे वरच्या छोट्या टाकीतून पाणी उतरतं आणि वाफ बाहेर जायला नळी उघडी आहे, तर याने काही बिघडत नाही. पण टाकी बंदिस्त असेल, नळाच्या मुख्य लाइनच्या दाबावर चालणारी, तर गोष्ट वेगळी. अशा टाकीवर नेहमीच्या थर्मोस्टॅटशिवाय एक सुरक्षेचा कटआउट असतो. पाणी मर्यादेबाहेर तापलं की तो वीज तोडतो आणि हाताने दाबल्याशिवाय पुन्हा जोडत नाही. त्याने वीज तोडली की टाकीकडे जाणारी उष्णता थांबली पाहिजे, एवढंच त्याचं काम. आणि थ्री-पोर्टची वीज तोडली तर तो टाकीकडची वाट उघडून देतो! म्हणून बंदिस्त टाकीच्या फ्लोवर स्प्रिंगने मिटणारा टू-पोर्ट व्हॉल्व्ह हवाच. थ्री-पोर्ट ठेवायचाच असेल तरीही टाकीसाठी हा वेगळा द्यावा लागतो. मग पाइप आणि पैसे वाचवण्याचा मुद्दा उरतोच कुठे?

माझं मत विचाराल तर नवीन कामात दोन टू-पोर्ट. बिघाड शोधणं सोपं जातं. उद्या वरच्या मजल्याचा वेगळा झोन करायचा झाला तर तिसरा व्हॉल्व्ह शेजारी बसतो, आधीच्या दोघांना हात लावावा लागत नाही. शिवाय मिड-पोझिशनवाल्याची एक सवय मला पटत नाही. रेडिएटर चालू होऊन गेले आणि टाकीची वेळ प्रोग्रामरवर, म्हणजे वेळा लावायच्या घड्याळावर, ‘बंद’ असेल, तर तो एच्या बाजूला तसाच वीज खात धरलेला राहतो. घराला कसलीच उष्णता नको असताना त्याचं डोकं हाताला गरम लागतं ते यामुळे. उलट, घरात जुना थ्री-पोर्ट व्यवस्थित चालत असेल आणि टाकी उघड्या नळीची असेल, तर तो काढून टाकायची काही गरज नाही.

टाकीचा थर्मोस्टॅट मात्र ६० अंश सेल्सिअसला ठेवा. त्याखाली साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला जंतू वाढण्याची भीती असते.

आणि कळकळीची सूचना. ‘व्हॉल्व्ह तर बंद आहे’ असं म्हणून झाकण उघडून वायरींना हात लावू नका. नेहमीच्या टू-पोर्टमध्ये करड्या वायरीत कायम वीज असते. शिवाय दोन्ही व्हॉल्व्हच्या नारिंगी वायरी एकत्र जोडलेल्या असतात, त्यामुळे रेडिएटरचा व्हॉल्व्ह चालू असेल तर टाकीच्या मिटलेल्या व्हॉल्व्हच्या नारिंगी वायरीतही वीज येते. संपूर्ण हीटिंगचा मेन स्विच बंद केल्याशिवाय काम नाही.

प्रश्न : गेल्या हंगामात सगळ्या रेडिएटरना थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह, म्हणजे खोलीच्या तापमानानुसार आपोआप मिटणारे, बसवून घेतले. तेव्हापासून रात्री शिट्टीसारखा आवाज येतो आणि एका खोलीत तर ठकठक होते, जसं कोणी पाइपवर हातोडी मारतंय. व्हॉल्व्ह हलक्या दर्जाचे निघाले का? बदलू का?

उत्तर : बदलू नका. तुमच्याकडे दोन वेगळे आवाज आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत.

ठकठक आधी संपवते. त्या रेडिएटरच्या व्हॉल्व्हच्या अंगावर बाण आहे का बघा. बरेच थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह एकाच दिशेने पाणी जाईल अशा बेताने केलेले असतात. पाणी उलट बाजूने आलं, तर व्हॉल्व्ह मिटत आला की आतली चकती पाण्याच्याच जोराने सीटवर, म्हणजे ती टेकून वाट बंद करते त्या कडेवर, आदळते, उघडते, पुन्हा आदळते. दोन्ही दिशांना चालणारा व्हॉल्व्ह घ्या, किंवा आहे तोच रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला, लॉकशील्डच्या (पाणी एकदा जुळवून ठेवायच्या, टोपण असलेल्या व्हॉल्व्हच्या) जागी लावून घ्या. हीटिंग थंड असताना सुरू करायचं आणि त्या रेडिएटरच्या दोन्ही पाइपांवर हात ठेवायचा. जो आधी गरम होतो तो फ्लो.

आता शिट्टी. ती रात्रीच का येते याचा विचार करा. संध्याकाळपर्यंत खोल्या तापतात आणि एकेक थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह मिटायला लागतो. पंप मात्र तेवढ्याच जोराने ढकलत असतो. उरलेल्या एक-दोन अर्धवट उघड्या व्हॉल्व्हवर सगळा दाब येतो, आणि फ्लो-रिटर्नमधल्या दाबाचा फरक ०.२ ते ०.३ बारच्या (बार हे दाबाचं माप) पुढे गेला की त्या बारीक फटीतून पाणी शीळ घालत जातं. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नाही, बाकीचे बंद झाल्यावर पाण्याला दुसरी वाट ठेवलेली नाही, हा आहे.

पहिला उपाय फुकटचा आहे. पंपाचा वेग बघा. बऱ्याच घरांत तो सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवून फिटर निघून गेलेला असतो. तीन वेगांचा जुना पंप असेल तर एक पायरी खाली आणा आणि शेवटचा रेडिएटर नीट तापतोय ना, ते पाहा. नव्या इलेक्ट्रॉनिक पंपांना स्वतः दाब ओळखून वेग कमी करण्याची सोय असते. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असलेल्या घरात हीच सेटिंग निवडावी.

दुसरा उपाय म्हणजे ऑटोमॅटिक बायपास व्हॉल्व्ह. हा पंपानंतर पण झोन व्हॉल्व्हच्या आधी, फ्लो आणि रिटर्नच्या मध्ये बसतो. आत एक स्प्रिंग असते. दाबाचा फरक ठरवलेल्या आकड्यावर गेला की ती दबते आणि थोडं पाणी थेट रिटर्नला सोडते. याची गरज शिट्टीपुरतीच नाही. बऱ्याच बॉयलरमध्ये आग विझल्यावरही आतली उष्णता काढून घेण्यासाठी पंप काही मिनिटं चालत राहतो. त्या वेळी सगळे झोन व्हॉल्व्ह मिटलेले असले, तर ते पाणी फिरणार कसं? आतल्या आत पाणी उकळून बॉयलर आवाज करतो आणि त्याच्या आतल्या भागांचं आयुष्य घटतं. तुमच्या बॉयलरच्या पुस्तिकेत कमीत कमी किती पाणी फिरलं पाहिजे, ते दिलेलं असतं. काही बॉयलरमध्ये बायपास आतच असतो. ते आधी तपासा.

बायपास बसवणारे पुष्कळ, लावून देणारे थोडे, हा माझा रोजचा अनुभव आहे. लावायची रीत अशी. घरातले सगळे थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, हीटिंग चालू करा आणि बायपासच्या पुढच्या पाइपवर बोटं ठेवा. तो पाइप गरम होत असेल तर व्हॉल्व्ह लवकर उघडतोय, म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे न जाता पाठीमागच्या दाराने बॉयलरकडे परत चाललंय. मूठ फिरवून आकडा वाढवत न्या, पाइप थंड पडेपर्यंत. मग एक सोडून सगळे रेडिएटर बंद करा. आता तोच पाइप हळूहळू गरम व्हायला हवा, आणि शिट्टी थांबायला हवी. झालं काम. कंडेन्सिंग बॉयलर असेल तर यात हयगय करू नका. नैसर्गिक वायूवरच्या बॉयलरमध्ये रिटर्नचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातली वाफ पाणी होते आणि तिची उष्णता परत मिळते. बायपास सारखा उघडा राहिला तर रिटर्न तापतो आणि ज्यासाठी तो बॉयलर घेतला तेच हातचं जातं.

तिसरी गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: ‘सगळ्या’ रेडिएटरना. भिंतीवरचा रूम थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे तिथल्या रेडिएटरवर थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह नको. दोघं एकाच खोलीच्या तापमानावरून भांडतात. रेडिएटरचा व्हॉल्व्ह आधी मिटला तर भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला हवं ते तापमान मिळतच नाही, आणि बॉयलर उगाच चालत राहतो. तिथलं डोकं काढून साधी मूठ लावा आणि पाणी लॉकशील्डने जुळवून घ्या.

प्रश्न : सासूबाईंच्या खोलीतल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह ५ वर ठेवला तर खोली लवकर तापेल ना? त्यांचं वय झालंय, वाकून मूठ फिरवता येत नाही, म्हणून एकदाच ठेवून द्यायचा आहे.

उत्तर : नाही, ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही. उशिरापर्यंत तापत राहते, एवढंच. ते आकडे वेगाचे नाहीत, तापमानाचे आहेत. बहुतेक कंपन्यांच्या व्हॉल्व्हवर ३ म्हणजे सुमारे २० अंश, आणि प्रत्येक आकड्याला दोन-चार अंशांचा फरक. बर्फाच्या चिन्हावर तो सुमारे ७ अंशांपर्यंत बंद राहतो, पाइप गोठू नयेत एवढ्यापुरता उघडतो.

डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लॉसेन यांनी १९४३ मध्ये हा व्हॉल्व्ह काढला, आणि आतली युक्ती अजून तीच आहे. डोक्यात एक बंद डबी, तिच्यात मेण, द्रव किंवा वायू. खोलीची हवा तापली की ते फुगतं, खालची पिन दाबते, पाण्याची वाट अरुंद होते. मेणाचा व्हॉल्व्ह जरा सावकाश उत्तर देतो, द्रवाचा त्याहून लवकर, वायूचा सगळ्यात चटकन. वीज लागत नाही, सेल लागत नाहीत.

पण डबीला खोलीची हवा लागली पाहिजे. पडद्याआड किंवा पलंगामागे डोकं दडलं, तर तिथे कोंडलेल्या गरम हवेलाच ते खोली समजतं आणि मिटून बसतं. सासूबाई म्हणतील थंडी वाजते, तुम्ही म्हणाल आकडा तर ४ वर आहे, आणि दोघींचं खरं असतं. अशा ठिकाणी वेगळ्या सेन्सरचं डोकं मिळतं. व्हॉल्व्हवर फक्त पिन दाबणारा भाग राहतो आणि आकड्यांची तबकडी बारीक नळीने जोडून भिंतीवर, उभ्या माणसाच्या हाताशी लावता येते. तुमच्यासाठी मी हेच सुचवेन. सेलवर चालणारं इलेक्ट्रॉनिक डोकंही चालेल, पण सेल संपल्याचं लक्षात कोण ठेवणार, ते घरात ठरवून घ्या. बऱ्याच डोक्यांची आटी एम ३० × १.५ या मापाची असते. तुमच्या व्हॉल्व्हची ती आहे का, ते बघूनच डोकं मागवा.

आणि त्यांची खोली किती उबदार हवी हे त्यांनाच विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात घरात निदान १८ अंश सांगितले आहेत, आणि वयस्कर माणसांना त्याहून अधिक लागू शकतात. खर्चासाठी त्यांच्या खोलीचा आकडा कोणी परस्पर कमी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : बॉयलर काढून हीट पंप घेतोय, ८ किलोवॅटचा. पाइप २२ मि.मी.चे आहेत, दोन झोन व्हॉल्व्ह आहेत, ते चांगले चालतात. ते तसेच ठेवले तर चालेल का?

उत्तर : हा प्रश्न काम सुरू होण्याआधी विचारलात, फार बरं झालं. बहुधा चालणार नाहीत. का ते आकड्यांत दाखवते, म्हणजे फिटरशी बोलताना तुम्हाला स्वतःला हिशेब करता येईल.

ताशी किती लिटर पाणी फिरलं पाहिजे, हे काढायला वॅटना १.१६३ ने भागा आणि मग फ्लो-रिटर्नच्या तापमानातल्या फरकाने भागा. बॉयलरवर हा फरक साधारण २० अंश धरतात. ८,००० वॅटना ताशी सुमारे ३४४ लिटर. हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता ओढून घरातलं पाणी तापवणारं यंत्र, त्याला मात्र पाणी कोमट ठेवायचं असतं आणि फरक ५ अंशांच्या आसपास धरतात. म्हणजे तीच उष्णता न्यायला ताशी सुमारे १,३७६ लिटर. चौपट पाणी!

आता व्हॉल्व्ह. प्रत्येक व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात ‘केव्ही’ नावाचा आकडा असतो. १ बार दाब खर्च करून त्यातून ताशी किती घनमीटर पाणी जाईल, तो हा आकडा. समजा तुमच्या झोन व्हॉल्व्हचा केव्ही ३ आहे. घनमीटरमधल्या पाण्याला ३ ने भागायचं आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करायचा, की दाबातली घट बारमध्ये मिळते. बॉयलरच्या वेळी ती होती ०.०१३ बार, कोणाच्या लक्षातही येऊ नये एवढी. हीट पंपावर तीच होते ०.२१ बार. पाणी चौपट, घट सोळापट. एकट्या व्हॉल्व्हने पंपाची बरीचशी ताकद खाल्ली, रेडिएटरना काय उरलं?

पाइपचंही तसंच. २२ मि.मी.च्या तांब्याच्या पाइपातून एवढं पाणी सेकंदाला सुमारे १.२ मीटर वेगाने जाईल. घरात मी तो १ मीटरच्या आत ठेवते, नाहीतर रात्री पाण्याची धाव कानाला ऐकू येते. मुख्य लाइन २८ मि.मी.ची केली की वेग ०.७ मीटरवर येतो. झोन व्हॉल्व्ह पूर्ण भोकाचे, बॉलवाले घ्या. ते उघडल्यावर पाइपाइतकीच वाट मोकळी ठेवतात.

पण त्याआधी विचारा, दोन झोन हवेतच का? थंडीत हीट पंपाच्या बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो आणि तो वितळवायला हीट पंप घरातल्याच पाण्यातली उष्णता उलटी ओढून घेतो. त्या वेळी झोन मिटलेले, थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह मिटलेले, तर ओढायला पाणी उरतं ते पाइपांतलं तेवढंच. पंप अडखळतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. त्यामुळे बऱ्याच घरांत मी रेडिएटरचा एकच झोन ठेवते, बैठकीच्या आणि मोठ्या खोल्यांचे रेडिएटर कायम उघडे ठेवते, आणि पाण्याचं तापमान बाहेरच्या हवेनुसार पंपालाच ठरवू देते. थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह फक्त झोपायच्या खोल्यांत. टाकीकडे वळणारा व्हॉल्व्ह लागेलच, तो मात्र केव्ही बघून घ्या.

प्रश्न : लाकडावरच्या शेगडीला मागे बॉयलर आहे, तो रेडिएटरना जोडलाय. त्या लाइनवर झोन व्हॉल्व्ह लावून थर्मोस्टॅटने बंद-चालू करता येईल का?

उत्तर : नाही. कृपया लावू नका, आणि लावला असेल तर शेगडी पेटवण्याआधी काढून घ्या.

गॅसच्या बॉयलरला निरोप गेला की आग विझते. लाकडाची आग व्हॉल्व्ह मिटला म्हणून विझत नाही, तासन्‌तास पाणी तापवत राहते. वाट बंद असेल तर ते पाणी उकळतं. १ लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,६०० पट जागा मागते. अशा बॉयलरपासून निदान एक रेडिएटर किंवा टाकीचं वेटोळं असं हवं, की जे पंपाशिवाय, पाण्याच्या स्वतःच्या चढ-उतारावर चालेल आणि ज्याच्या वाटेत एकही मिटणारा व्हॉल्व्ह नसेल, हाताचासुद्धा नाही. वर जाणारी उघडी वाफनळीही तशीच मोकळी. तुम्हाला या लाइनवर जो व्हॉल्व्ह खरोखर हवा, तो वेगळाच आहे. रिटर्नचं पाणी ५५ ते ६० अंशांच्या खाली बॉयलरमध्ये शिरू न देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह. थंड रिटर्नमुळे आत डांबर जमतं आणि पत्रा गंजतो. हे काम घन इंधनाची माहिती असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

प्रश्न : उन्हाळाभर हीटिंग बंद होतं. आता चालू केलं तर एक रेडिएटर गारच, आणि दुसरीकडे वरच्या मजल्याचा थर्मोस्टॅट बंद केला तरी बॉयलर चालूच राहतो. दोन्हीकडे नवीन व्हॉल्व्ह घ्यावे लागतील का?

उत्तर : गार रेडिएटरच्या थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हचं डोकं हाताने फिरवून काढा. पाणी येणार नाही, घाबरू नका. खाली एक बारीक पिन दिसेल. महिनोन्‌महिने दाबलेली राहिल्याने ती आत अडकलेली असते. नाण्याच्या कडेने किंवा लाकडाच्या तुकड्याने हळूच दाबा, ती स्वतःच्या स्प्रिंगने दोन-तीन मि.मी. वर यायला हवी. चार-सहा वेळा खालीवर केली की बहुतेक वेळा सुटते. पकडीने ओढू नका, ती बाहेर आली तर पाणीही येईल. पुढच्या उन्हाळ्यात डोकं पूर्ण उघडं ठेवा, म्हणजे पिन दाबलेली राहणार नाही.

वरच्या मजल्याची लक्षणं झोन व्हॉल्व्हची आहेत. थर्मोस्टॅट बंद करा, मिनिटभर थांबा, आणि व्हॉल्व्हच्या डोक्यावरची छोटी दांडी सरकवून बघा. व्हॉल्व्ह खरंच मिटला असेल तर दांडीला विरोध जाणवतो, कारण तुम्ही आतली चाकं फिरवत असता. दांडी सैल, विरोधाशिवाय हलली, तर तो मिटलेलाच नाही, उघड्यावर अडकलाय. विरोध आहे तरीही बॉयलर चालू, तर आतला छोटा स्विच चिकटला असावा. मात्र दोन झोन असतील, तर खालचा झोन किंवा टाकी त्या वेळी उष्णता मागत नाही ना, याची आधी खात्री करा, नाहीतर चांगल्या व्हॉल्व्हवर ठपका ठेवाल.

स्विच किंवा मोटर गेली असेल, तर बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये फक्त वरचं डोकं बदलता येतं आणि पाणी उपसावं लागत नाही. नवीन घेताना मी असाच, डोकं सुटं होणारा व्हॉल्व्ह घेते. दांडा अडकला असेल तर खालचं अंगही बदलावं लागेल. तसं झालं, तर काढलेल्या पाण्याचा रंग बघा. काळं असेल तर ते लोखंडी रेडिएटर आतून गंजल्याचं लक्षण. तो काळा गाळ लोहचुंबकाला चिकटतो आणि व्हॉल्व्हच्या सीटवर बसून त्याला नीट मिटू देत नाही. नवीन व्हॉल्व्ह त्याच पाण्यात बसवला तर तोही काही हंगामांत असाच अडकेल. आधी लाइन धुऊन घ्या, रिटर्नवर बॉयलरच्या आधी चुंबकाचा फिल्टर बसवा, ताज्या पाण्यात गंजरोधक घाला, आणि मगच नव्या व्हॉल्व्हची डबी उघडा.